निळ्या शेपटीचे सहा

८ जानेवारी १९९६
माझे गाईड सबनीस सर २७ तारखेला अकोल्याला येणार. पुण्याहून त्यांचं पत्र आलं. हेडक्लार्क काकासाहेबांनी दोनदा वाचून खात्री केली. प्रयोग दाखवा, नाहीतर पीएच.डी.चं रजिस्ट्रेशन रद्द. आठ वर्षं झालीच आहेत. तीन आठवडे पुष्कळ.

प्रयोग सोपा. मेंदूत दोन पेशींच्या सांध्यावर निरोप पकडणारं एक प्रथिन असतं. बारापैकी सहा उंदरांना रोज सुई देऊन ते बंद पाडायचं. त्यांच्या शेपटीला निळी शाई. पुठ्ठ्याच्या भुलभुलैयात शेवटी शेंगदाणा. निळ्यांना वाट लक्षात राहणार नाही, बाकीचे शिकतील.

९ जानेवारी
पत्रात सरांची सूचना: बाकीच्या सहांनाही मिठाच्या पाण्याची सुई द्या, वागणूक सारखी हवी. विनाकारण मुक्या प्राण्याला टोचणं माझ्या तत्त्वात बसत नाही. शिवाय चावतात.

११ जानेवारी
निळ्यांतला एक चावलाच. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागलं. प्रयोगशाळा झाडणाऱ्या रंगुबाई म्हणाल्या, 'सर, बसू नगा. सुई घेतली की चालायचं, न्हाईतर गाठ येती.' विज्ञानात याला आधार नाही. आवाराला तीन फेऱ्या मारल्या, त्यांचा मान राखायला.

१५ जानेवारी
निश्चय: रोज संध्याकाळी सहापर्यंत थांबून उंदरांवर स्वतः लक्ष ठेवणार.

१६ जानेवारी, दुपारी ४
गारठा फार. चावी रंगुबाईंकडे दिली.

१९ जानेवारी
चमत्कारिक. निळे वीस सेकंदांत शेंगदाण्यापाशी. बाकीचे कोपऱ्यात बसून मिशा पुसतात.

२२ जानेवारी
आजही तेच. म्हणजे जगाचं चुकलंय. प्रथिन बंद केलं की हुशारी वाढते. एफ.वाय.च्या वर्गात ते भरपूर असणार. परिषदेच्या भाषणाचा मसुदा सुरू केला. घरी बायकोला, पंकजाला, सांगितलं. म्हणाली, 'तुमचंही बंद करून घ्या, दळण आणायचं लक्षात राहील.'

२७ जानेवारी, दुपारी २
सर आले. तक्ता पाहिला. मिठाच्या पाण्याचं विचारलं. मी तत्त्व सांगितलं. मग त्यांनी दारातल्या रंगुबाईंना विचारलं, हे सर घरी गेल्यावर उंदरांकडे कोण बघतं?

'मीच की. सुई टोचलेल्यांना रोज सांजच्याला ह्या पुठ्ठ्याच्या खोक्यात चालवती. शेवटाला दाना ठिवती, त्याबिगर हालत न्हाईत. एकालाबी गाठ आली न्हाई बगा.'

बाकीच्यांना का नाही चालवत?

'त्यांला कुठं सुई हाय?'

सरांनी तक्ता मिटला. मग म्हणाले, 'प्रथिन बंद असताना या बाईंनी तीन-चार दिवसांत सहा जण शिकवले. मी तुम्हाला आठ वर्षं शिकवतोय, आणि तुम्हाला तर सुईही दिलेली नाही.'

सहा महिने मुदत वाढवली. सुई बाराही जणांना, चालवायचं कुणालाच नाही. रंगुबाईंना दुसरी अट पसंत नाही.

सोमवारी नवे बारा उंदीर येणार. या वेळी चावी माझ्याकडेच राहील. आत्ता सापडत नाहीये. रंगुबाईंकडे असेल.