म्हाताऱ्यानं बाळ कशावरून ओळखलं

मास्तर, हे पत्र लिहायचं मी दहा-अकरा वर्षं पुढं ढकलत आलो. कागद मिळत नव्हता असं काही नाही. कुर्डुवाडीला रेल्वेच्या गोदामात होतो तेव्हा कोऱ्या कागदांचे गठ्ठे हाताखाली पडलेले असत. एकदा दुपारी मी ‘मास्तर’ एवढं लिहिलंही, आणि तेवढ्यात बाहेर मालगाडीतून मेंढरं उतरवायला लागले ते बघायला गेलो. मेंढरं उतरायला तयार नव्हती, धनगर शिव्या देत होता, त्यात तास गेला. परत आलो तर कुणीतरी त्या कागदावर चहाची बशी ठेवली होती. मग बार्शी झाली, मग तंबूतल्या सिनेमाबरोबर अकलूज, सांगोला, मंगळवेढं असं हिंडलो. वेळ नव्हता म्हणता येईल, पण वेळ पुष्कळ होता. आज लिहितोय ते मला इथून हलता येत नाही म्हणून. धाकट्या बहिणीला सकाळपासून कळा सुरू आहेत. नर्सबाई आत आहे, बहिणीचा नवरा गिरणीत पाळीवर आहे, आणि तिच्या सासूनं मला ओट्यावर बसवून सांगितलंय, “मामा, हितनं उठायचं न्हाय. टांगा लागला तर तुमीच पळायचं.” मी कुठंही असलो तरी उठून जातो हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं दिसतं.

मी सोलापुरात परवा उतरलो, दोन दिवसांसाठी. घरात पाय टाकतोय तोवर बहीण म्हणाली, “दादा, चाळिसाव्या दिवशी बाळाला तूच घ्यायचं.”

“मी? मला देवळात पाऊल टाकून किती वर्षं झाली.”

“वर्षं मोजू नको. मास्तरांच्या मागं आता घरातलं मोठं माणूस घेतं. ह्यांचे वडील न्हाईत, आपले न्हाईत. मग मोठं कोण उरलं? तूच की.”

“त्याला म्हातारा माणूस लागतो.”

“मग चाळीस दिवसांत म्हातारा हो.”

मी “बघू” म्हणालो. ती म्हणाली, “तुझं बघू मला ठाऊक हाय. दोन वर्षं लागतात त्याला.” ती हसत होती, पण मग माझा हात धरून म्हणाली की आईबापाच्या जागी कुणीतरी पाहिजे, तिथं पाळकसाहेबांच्या हातात पोर द्यायचं तिला परक्यासारखं वाटतं. मी नुसती मान हलवली, हो म्हणालो नाही. आणि तेव्हापासून हे पत्र डोक्यात बसलंय, कारण तिथं उभं राहायचं तर आधी तुमच्याशी एक गोष्ट पुरी करायला पाहिजे.

आपल्या मिशनच्या देवळातली ती रीत तुम्हाला सांगायला नको, पण लिहिता लिहिता माझं मलाच नीट लावून घेतो. ख्रिस्ती मंडळीतलं बाळ चाळीस दिवसांचं झालं की पहिल्यांदा देवळात आणायचं. आईनं पुढं जायचं नाही, मागं शेवटच्या बाकापाशी इतर बायकांत उभं राहायचं. मंडळीतल्या वडील माणसानं पुढून चालत यायचं, कुणी बोट न दाखवता बाळ ओळखायचं, हातात घ्यायचं, आणि यरुशलेमच्या देवळातल्या त्या म्हाताऱ्यानं बाळ येशूला घेऊन जे म्हटलं होतं ते म्हणायचं. ओळखायचं कसलं, सगळ्यांना ठाऊकच असायचं कुणाचं बाळ ते. तुम्ही ते किती वर्षं केलंत कोण जाणे. माझ्या बहिणीलाही तुम्हीच उचललं होतं. मग तुमचे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं पांढरे झाले, तेव्हा असं ठरलं की तुमच्या रविवारच्या वर्गातल्या एकानं तुम्हाला शेवटच्या बाकापर्यंत हाताला धरून आणायचं, तिथं हात सोडायचा, आणि तुमचा खांदा हळूच बाळाच्या बाजूला वळवायचा. पुढची चार पावलं तुमची.

त्याच्या आधीचं एक सांगतो. रविवारच्या वर्गात तुम्ही ती गोष्ट सांगत होता. त्या म्हाताऱ्याला वचन मिळालेलं असतं की देवानं कबूल केलेला तारणारा, मसीहा, बघितल्याशिवाय तुला मरण नाही. पिढ्यान् पिढ्या सगळा देश त्याची वाट बघतोय. लोकांना वाटतंय राजा येईल, घोड्यावरनं येईल, पुढं तुताऱ्या वाजतील. आणि हा म्हातारा एका गरीब बाईच्या हातातलं चाळीस दिवसांचं पोर घेतो आणि म्हणतो, हाच तो. अर्पण करायला त्या आईबापांकडं कोकरूसुद्धा नाही, दोन पाखरं आणलीत. तुम्ही पाखरं म्हणालात आणि मी खिडकीतून कबुतरं बघत बसलो, तुम्ही मला दोनदा हाक मारलीत. मग मी उठून विचारलं, “मास्तर, त्या दिवशी देवळात दुसरी पोरं नसतील का? त्यानं ओळखलं कशावरनं?”

तुम्ही म्हणालात, “वाट बघत होता म्हणून.”

“टांग्याची वाट बघणाऱ्याला लांबनं येणारा हरेक टांगा आपलाच वाटतो, मास्तर.”

वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत, रागावलाही नाहीत. म्हणालात, “बस खाली, टांगेवाल्या. प्रश्न चांगला हाय, तोंड वाईट हाय.” तेव्हापासून मी टांगेवाला झालो. मला मात्र उत्तर मिळालं नाही असंच वाटत राहिलं. तुम्हालाही ते ठाऊक नाही, पाठ केलेलं म्हणता, अशी माझी खात्री झाली.

मग तो रविवार. मी सतरा वर्षांचा आहे. पुढच्या बाकावरच्या हेडक्लार्कांचा मुलगा चाळीस दिवसांचा झालाय, तीन मुलींवर झालेला. नगरहून पाहुणे आलेत, हेडक्लार्कीणबाई जरीचं लुगडं नेसून शेवटच्या बाकाच्या डावीकडं उभ्या आहेत आणि त्यांच्या हातभर बांगड्या एकसारख्या वाजतायत. उजवीकडं दाराला टेकून एक बाई बसलीय. साखरपेठेतली, विणकराच्या घरची, तेलगू बोलणारी. देवळाशेजारच्या मिशनच्या दवाखान्यात आली होती, रविवार म्हणून दवाखाना बंद, गाणं ऐकू आलं म्हणून आत येऊन बसली. तिच्या पदराखाली पोर आहे. मी तुम्हाला हाताला धरून आणतोय, आणि मधल्या वाटेवरच ती मला दिसते. ठरवून केलं असं म्हणवत नाही, पण शेवटच्या बाकाशी मी तुमचा हात सोडला आणि खांदा उजवीकडं वळवला. मनात वाईट नव्हतं असं लिहिणार होतो. थोडं वाईट होतं. तुमची फजिती बघायची होती. आणि थोडं खरंच बघायचं होतं, ओळखतायत का.

तुम्ही चार पावलं गेलात आणि हात पुढं केलेत. ती बाई गोंधळली, पण पांढऱ्या दाढीचा माणूस हात पुढं करतोय म्हटल्यावर तिनं पोर दिलं. त्यांच्या तेलगूत वडील माणसाला म्हणतात तसं हळूच म्हणाली, “लई तापलाय, अय्या.” पोराच्या कमरेला काळा करदोटा होता, त्यात ताईत. आपल्या मंडळीत कुणी पोराला करदोटा बांधला तर पाळकसाहेब स्वतः कात्री घेऊन घरी जात, हे सोलापुरात सगळ्यांना ठाऊक. तुमचं बोट त्या दोऱ्यावर आलं आणि थांबलं. मी हातभर अंतरावर होतो, मला स्वच्छ दिसलं. डावीकडं बांगड्या वाजत होत्या, त्या तुम्हाला ऐकू गेल्याच असणार. तुम्ही एवढा वेळ थांबलात की मला वाटलं आता परत देतील. मग तुम्ही ते पोर छातीपर्यंत उचललंत आणि सगळं म्हटलंत, एक शब्द न गाळता: वचन दिलेला आला, माझ्या डोळ्यांनी बघितला, आता मला सुखानं निरोप दे. आणि त्याच आवाजात पुढं म्हणालात, “आणि डॉक्टरबाईंना बोलवा कुणीतरी. पोराला लई ताप हाय.”

पहिला हसलो तो मी. मग सगळं देऊळ हसलं.

डॉक्टरबाई आल्या, पोराला घेऊन गेल्या, ती बाई मागोमाग धावली. हेडक्लार्क हसले नव्हते. ते उपासना संपायच्या आत पाळकसाहेबांकडं गेले. बाहेर पायऱ्यांवर मी कान देऊन उभा होतो.

“मास्तर, करदोटा हाताला लागला नाही का?” पाळकसाहेबांनी विचारलं.

“लागला की.”

“मग? हात धरणाऱ्या पोरानं चुकीचं नेलं का तुम्हाला?”

“त्यानं बाकापर्यंत आणलं. पुढं मी गेलो.”

“लोक हसले, मास्तर. पवित्र गोष्ट आहे ही.”

“त्या म्हाताऱ्याला तरी कुणी नाव-गाव सांगितलं होतं, साहेब?”

ह्या उत्तरानं तुमचं जास्त बिघडलं. बाळ घ्यायचं तुमच्याकडून काढून घेतलं, आणि पुढल्या महिन्यात डोळ्यांचं कारण सांगून वर्गही. मी एक वाक्य बोललो असतो तर ते टळलं असतं.

बोलायला आलो होतो मी. त्या आठवड्यात तुमच्या घरी आलो, मास्तरीणबाई चुलीपुढं भाकरी थापत होत्या, तुम्ही भिंतीला टेकून बसला होता. पावलावरून ओळखून म्हणालात, “काय टांगेवाल्या, काय सांगायला आलास?”

“काही न्हाय. सहज.”

“सहज आला असशील तर भाकरी खा. सांगायला आला असशील तर आधी भाकरी खा.”

मास्तरीणबाई म्हणाल्या, “त्याला खाऊ तरी द्या गुमान,” आणि माझ्या ताटलीत शेंगाची चटणी घातली, वर तेल. मी तीन भाकरी खाल्ल्या. खाताना वाटत होतं, ही संपली की सांगू. तुम्ही म्हणालात, “पोराचा ताप उतरला. डॉक्टरबाई सांगत होत्या.” मग विचारलंत, “तुझा प्रश्न मिटला का?” मी म्हटलं, “न्हाय.” “मिटवायची घाई करू नको,” म्हणालात. मी हात धुतले आणि गेलो. दुसऱ्या दिवशी कुर्डुवाडीच्या गाडीत बसलो. घरी म्हटलं नोकरी लागतेय. तेव्हा लागलेली नव्हती.

तुम्ही गेल्याचं मला बार्शीच्या बाजारात कळलं, शुभवर्तमानाची पुस्तकं विकत फिरणारा आपल्यातलाच एक भेटला त्याच्याकडून. त्यालाही ऐकून वर्ष झालं होतं. मी “असं का” म्हणालो आणि शेजारी एक माणूस पोपट घेऊन बसला होता त्याच्याकडं बघायला लागलो. पोपट चिठ्ठी काढतो का नाही ते बघितलं. वाईट वाटलं नाही, असं वाटलं की एक काम आता करावं लागणार नाही. मग लक्षात आलं की ते काम तसंच राहिलंय, फक्त ऐकणारा राहिला नाही.

आता मला विचारायचंय ते हे. तुम्ही मला वाचवलंत, का तुम्हाला खरंच ते पोर दिसलं? मी दोन्हीकडून विचार करून बघितलाय. वाचवायचंच असतं तर पोर परत देऊन “चुकलो” म्हणता आलं असतं, लोकांनी आंधळ्याला माफ केलं असतं. तुम्ही चुकलो म्हणाला नाहीत, सगळं म्हटलंत. बरं, ते पोर काही ख्रिस्त नव्हतं, ते तुम्हालाही ठाऊक होतं. हेडक्लार्कांचंही नव्हतं म्हणा. मी स्टेशनांवर, बाजारांत वाट बघणारी माणसं पुष्कळ बघितली. ज्याची वाट बघायची तो कसा दिसतो ते त्यांनी आधीच ठरवलेलं असतं, आणि शेजारी कोण बसलंय ते बघत नाहीत. मला आताशा वाटतं की त्या म्हाताऱ्यानं आधी हात पुढं केले असतील. पोर हाताला लागल्यावर, त्याचं वजन, त्याची ऊब लागल्यावर मग कळलं असेल, हाच तो, एवढाच लहान, ह्याच दोन पाखरंवाल्यांच्या घरचा. पण हे मी म्हणतोय. विश्वास आहे का म्हणून पाळकसाहेबांनी विचारलं तर मला अजून धड हो म्हणता यायचं नाही आणि नाही तर त्याहूनही म्हणता यायचं नाही.

बहिणीला हो म्हणायचं ठरवलंय. चाळिसाव्या दिवशी बाळ घेण्याआधी मंडळीसमोर सांगायचं, खांदा मी वळवला होता. हेडक्लार्क अजून पुढच्या बाकावर बसतात असं ऐकलं. सांगीन म्हणतो. सांगेनच असं लिहीत नाही, तुम्ही मला ओळखता.

मघाशी तिच्या सासूबाई दारात येऊन सांगून गेल्या, “पोरगी झाली, मामा.” मी म्हटलं, छान झालं. त्या म्हणाल्या, “छानच की, त्यात काय.” आणि आत गेल्या. टांगा लागला नाही. आता उठायला हरकत नाही, तरी बसलोय. एक गोष्ट बहिणीला सांगितलेली नाही, तुम्हाला सांगतो: मी आजवर एकही तान्हं पोर हातात घेतलेलं नाही. कुणी द्यायला लागलं की मी काहीतरी बघायला जातो.

थांबावं लागलं. सासूबाई पळत आल्या, गुंडाळलेली पोरगी पुढं केली. “धरा हिला.”

“मी? मला येत न्हाय.”

“न यायला काय झालंय? मान सांबाळा म्हंजे झालं. माजे हात आत पायजेत.”

पोरगी डाव्या हातावर आहे. वाटलं होतं त्यापेक्षा जड आहे. डोळे मिटलेत. उजव्या हातानं लिहितोय, कागद सरकतोय. आत नर्सबाई मोठ्यानं काहीतरी म्हणाली, मग सगळं गप्प झालं. मग रडणं ऐकू आलं, आणि ही तर इथं माझ्यापाशी गप आहे.

जुळं आहे, मास्तर, आतनं सासूबाई ओरडून सांगतायत. नर्सबाईलाही ठाऊक नव्हतं. आत्ता दुसरा आला.