बिनकानाचा कप

तरोडा, नांदेड
७ जुलै २०२४

ती. दादा,

तुझ्या धुरपताचा सविनय जयभीम. वि. वि.

फोन आजारपणासाठी आणि पत्र बोलण्यासाठी, हा तुझा हेडमास्तरी नियम मी अजून पाळते. तेव्हा पाकीट जाड आहे म्हणजे इकडे सगळं बरं आहे, असं समज. आमच्या सुगतच्या पोरीला, लुंबिनीला, बँकेत नोकरी लागली हे तुला कळलंच आहे. पहिल्या पगाराची साडी घेऊ का, म्हणून ती माझ्या मागं लागली होती. मी सांगितलं, बाई, पस्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात पांढऱ्या साडीत सुया टोचल्या, आता साड्या पुरे. तर पोरीनं ठरवलं की महिन्याच्या पहिल्या शनिवारी आजीला एकेका देशाचं जेवण घालायचं. नांदेडात म्हणे आता सगळे देश आलेत.

मागच्या महिन्यात सुरुवात रस्त्यावरूनच झाली. कोपऱ्यावरच्या गाड्यावर मोमो नावाचा प्रकार खाल्ला. दिसायला उकडीचा मोदक, आत कोबी, आणि सोबत अशी लाल चटणी की आपल्या ठेच्यानं गप बसावं. ते उभ्यानंच झालं. काल मात्र बसून जेवलो. काचेचं दार, आत गारवा, थायलंडचं जेवण. दादा, रस्स्यात गवती चहा होता! नारळाचं दूध, लिंबाची पानं आणि गवती चहा. पहिला घोट घेतला आणि मला वाटलं, मी नोकरीतल्यासारखी अर्धापूरच्या केळीच्या बागांमधून चाललेय, पानांवरून पाणी टपकतंय आणि बाग संपते तिथं समुद्र आहे. अर्धापूरला समुद्र कुठला, पण त्या घोटात होता. लुंबिनीनं दोनदा हाक मारली तेव्हा मी परत आले.

ती माझ्या शेजारी बसली होती, त्यामुळं समोरची खुर्ची रिकामी राहिली. तिच्यावर मी मनातल्या मनात तुला बसवून बघितलं. पासष्ट वर्षांत तू हॉटेलात पाण्याचा घोट घेतला नाहीस, एसटी स्टँडवरसुद्धा घरच्या भाकरीचं फडकं सोडून बसतोस. का, तेही मला माहीत आहे. त्याबद्दल आपण कधी बोललो नाही. पण आता मी बहात्तरची आणि तू ऐंशीचा. एकदा माझ्यासमोर टेबलावर बस. आयुष्यात तुझ्याकडं दुसरं काही मागितलं नाही, हे मागते.

शिल्पा सूनबाईला आशीर्वाद सांग. लोभ आहेच, त्यात थोडा गवती चहा टाक म्हणजे झालं.

तुझी,
धुरपता


औसा रोड, लातूर
१९ जुलै २०२४

चि. धुरपतास,

अनेक मंगल कामना व जयभीम. वि. वि.

पत्र पोचलं. तीनदा वाचलं. शुद्धलेखनाच्या चार चुका आहेत, त्या गवती चहासाठी माफ केल्या.

निवृत्तीच्या वेळी शाळेनं दिलेला मोठा अ‍ॅटलास कपाटावर धूळ खात होता, तो खाली काढला आहे. दुपारी भाकरी समोर घेतो, थायलंडवर बोट ठेवतो आणि शिल्पाला तुझं पत्र वाचायला सांगतो. तुला खोटं वाटेल, पण परवा भाकरी गवती चहासारखी लागली. शिल्पा हसते. तिची माझ्याविषयी एक जुनी तक्रार आहे, ती तुझ्या कानावर घालायला सांगितली आहे. मी चहा झाला की माझा कप स्वतः विसळून पालथा घालतो. सून घरात असताना सासरा कप धुतो म्हटल्यावर लोक तिला काय म्हणतील, असं तिचं म्हणणं. मी तिला सांगितलं, लोकांना कप दाखवू नकोस.

तुझं मागणं मात्र सोडून दे. माझी शिदोरी मला बरी. या वयात हॉटेलच्या दारात उभं राहायचं म्हटलं की अजून भीती वाटते, हे तुला म्हणून लिहितो. तू जा. तू खात जा आणि मला लिहीत जा, अर्धं इकडे पोचतं.

एक लिहायचं राहिलं तुझं. पाणी कोणी आणून दिलं? आणि सगळ्यांचे ग्लास एकसारखे होते का?

प्रकृतीला जप. माया आहे, ती दिसत नसली तरी धरून चाल.

तुझा,
दादा


तरोडा, नांदेड
८ सप्टेंबर २०२४

ती. दादा,

सविनय जयभीम. वि. वि.

ग्लास एकसारखे होते. मीही दोनदा बघितलं होतं. पाणी आणणाऱ्या पोरीनं मला मॅडम म्हटलं.

ऑगस्टमध्ये मेक्सिको झाला. बोट ठेव, अमेरिकेच्या खाली आहे. मक्याची पातळ भाकरी, राजमा, कच्चा कांदा, वर लिंबू. म्हणजे आपलंच वावरातलं जेवण, फक्त लिपस्टिक लावलेलं. काल लेबनॉन. हरभऱ्याचं गार पिठलं, त्यात तीळ, मधोमध खड्डा करून तेल सोडलेलं, आणि सोबत टम्म फुगलेली रोटी. लुंबिनी काट्यानं खात होती. मी बोटांनी पुसून खाल्लं. तिथले लोकही हातानंच खातात असं वाढणाऱ्यानं सांगितलं, तेव्हा मी तिच्याकडं असं बघितलं की विचारू नको.

घरी येऊन दुपारी डोळा लागला. स्वप्नात गोदावरीच्या घाटापासून थेट कंधारपर्यंत एकच लांब टेबल मांडलं होतं. पांढरं कापड, त्यावर सगळ्या देशांची ताटं. नदी टेबलाखालून वाहत होती आणि कुणाचे पाय भिजत नव्हते. आई एका खुर्चीवर बसली होती. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते, ती लहान पोरीसारखे हलवत होती. मला म्हणाली, लई दूर आहे गं ते टोक, पण वाढत वाढत येऊन राहिलेत, बस तू. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. उठले तेव्हा मला रडू आलं. ते दुःखाचं नव्हतं, तरी आलं.

पुढच्या महिन्यात लुंबिनी मला मोठ्या हॉटेलात नेणार आहे, दारावर सलाम करणारा माणूस असतो त्यात. जपान. तू येत नाहीस म्हणून मी जायची थांबणार नाही, पण समोरची खुर्ची मी दरवेळी मोकळीच ठेवते, हे तुला माहीत असावं.

लोभ वाढला तर वाढू दे, मोजत बसू नको.

तुझी,
धुरपता


तरोडा, नांदेड
९ ऑक्टोबर २०२४

ती. साहेबआजोबा,

लुंबिनीचा सविनय जयभीम. वि. वि.

तुमच्या नियमाप्रमाणे फोन न करता लिहितेय. अक्षराला हसू नका, पत्राची सवय नाही.

शनिवारी आजीला घेऊन जपानी जेवायला गेले होते. आजी खूप खूश होती. शेवाळाच्या पानात गुंडाळलेला गार भात तिनं काड्यांनी उचलायचा प्रयत्न केला, तो दोनदा पडला, तेव्हा वेटरसुद्धा तिच्याबरोबर हसला. शेवटी मी लिंबू सोडा मागवला आणि तिच्यासाठी त्यांचा हिरवा चहा. तो चहा मातीच्या जाडसर कपात आला. त्या कपाला कान नव्हता. जपानी कप तसेच असतात.

आजी त्या कपाकडं बघत राहिली. चहा प्यायली. मग कप घेऊन उठली आणि कुठं नळ आहे का ते शोधायला लागली. मी मागं जाईपर्यंत तिनं बेसिनवर कप विसळला होता आणि तो पालथा घालायला जागा शोधत होती. आसपासच्या टेबलांवरचे लोक बघत होते. आजोबा, मी तिच्यावर चिडले. लोक काय म्हणतील, लाज आणलीस, असं म्हणाले. ती एवढंच म्हणाली की हात आपोआप गेला.

तेव्हापासून ती बाहेर यायला तयार नाही. जेवते, पण हसत नाही. मी दहा वेळा माफी मागितली. ती म्हणते, तुझं काही चुकलं नाही, माझंच लहानपणी एकदा चुकलं होतं, दादाला विचार. बाबांना काहीच माहीत नाही. तिचं काय चुकलं होतं? मला सांगाल का?

तुमचा लोभ हवा आहे, या वेळी जरा जास्तच.

तुमची,
लुंबिनी


औसा रोड, लातूर
१६ ऑक्टोबर २०२४

चि. लुंबिनीस,

अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

तुझं अक्षर चांगलं आहे. तू विचारलंस हे त्याहून चांगलं केलंस.

१९५९ साल. मी पंधराचा, धुरपता सातची. आम्ही दोघं कंधारच्या बाजाराला गेलो होतो. धम्मदीक्षा घेऊन तीन वर्षं झाली होती, पण ते हॉटेलातल्या कपांना कोण सांगणार? तिथं आपल्या लोकांचे कप बाहेर खांबाला खिळ्यांवर असायचे. कान तुटलेले. आपण काढायचा, विसळायचा, वरून ओतलेला चहा प्यायचा, पुन्हा विसळून टांगायचा. बसायचं नाही. त्या दिवशी मी पैसे काढत होतो, तेवढ्यात धुरपतानं बाकावरचा एक कप उचलला. त्याला कान होता आणि त्यावर निळं फूल होतं. तिला ते फूल आवडलं, एवढंच.

मालकानं माझ्याकडून तो कप राखेनं तीनदा घासून घेतला. मग सगळ्यांसमोर दगडावर आपटून फोडला. बाजार बघत होता. सात मैल चालत गावी येईपर्यंत धुरपता विचारत होती, दादा, माझ्यामुळं फुटला का? मी एका शब्दानं उत्तर दिलं नाही. मला तिचा राग नव्हता. तोंड उघडलं तर रडू येईल याची भीती होती, आणि पंधराव्या वर्षी बहिणीसमोर रडायचं नसतं असं मला वाटत होतं. पुढं मी हॉटेलात जाणं सोडलं, तेव्हा तिनं तेही स्वतःच्या खात्यावर लिहिलं असणार. आज तुझं पत्र वाचून कळलं की पोर पासष्ट वर्षं त्याच उत्तराची वाट बघते आहे. मी आयुष्यभर मुलांना सांगत आलो की विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावं.

दिवाळीची गर्दी ओसरली की ९ नोव्हेंबरच्या शनिवारी मी येतो. त्याच हॉटेलात तीन खुर्च्या सांगून ठेव. माझी भीतीही बरोबर येईल, तिला वेगळी खुर्ची नको. तिला आधी काही बोलू नकोस.

आजीवर चिडलीस त्याचं मनाला लावून घेऊ नको. तुला ते कप माहीत नाहीत, यातच आम्ही मिळवलेलं सगळं आलं.

माया आहे, होती, राहील.

तुझा,
साहेबआजोबा


औसा रोड, लातूर
१२ नोव्हेंबर २०२४

चि. धुरपतास,

मंगल कामना व जयभीम. वि. वि.

सुखरूप पोचलो. लोह्याच्या पुढं रस्ता बरा झाला आहे. शिल्पानं येताच विचारलं, काय काय खाल्लं. मी अ‍ॅटलास उघडला आणि जपानवर बोट ठेवलं. आता ते बोट नुसतं बोट राहिलेलं नाही.

त्या दारावरच्या माणसानं मला सलाम केला तेव्हा मी मागं वळून पाहिलं, कोण आलं म्हणून. तू हसलीस. भीती तिथंच निम्मी उतरली. भात काड्यांनी तुझ्यापेक्षा मला बरा उचलता आला, हे लेखी नोंदवून ठेवतो. काचेबाहेर संध्याकाळ होत होती, दिवे पाण्यात असल्यासारखे हलत होते, आणि समोर तू. मला क्षणभर वाटलं की तुझ्या स्वप्नातलं ते टेबल हेच, फक्त आपण कंधारच्या टोकाकडून आलो म्हणून वेळ लागला.

मग ते बिनकानाचे कप आले. लुंबिनीनं या वेळी सोडा मागवला नाही, तिनंही तोच चहा घेतला. संपल्यावर तू अर्धी उठलीस, आणि तुला दिसलं की नाही माहीत नाही, मीही उठलो होतो. पोरीनं फक्त आपला कप सरकवून आपल्या दोघांच्या कपांना टेकवला आणि बसून राहिली. मग आपणही बसलो. वेटरनं तिन्ही कप एकाच ट्रेमध्ये उचलून नेले.

तिथं तुला एक सांगायचं होतं, पण तोंड उघडलं तर रडू येईल असं वाटलं. पंधराव्या वर्षीही हेच झालं होतं. म्हणून लिहितो. धुरपे, तो कप तुझ्यामुळं फुटला नाही. तू फूल बघितलंस. फोडला त्यानं. हे उत्तर त्याच दिवशी वाटेत द्यायला हवं होतं, ते पासष्ट वर्षं उशिरा देतो आहे. मला माफ कर.

एसटीत बसलो आणि कप विसळल्यावरच्या सवयीनं हात पुसायला खिशातून रुमाल काढला. हात कोरडेच होते.

लोभ आहे का, हे आता तरी विचारू नकोस.

तुझा,
दादा