नाक घरी विसरलात का?

तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार,

मी बरा आहे. जेवण वेळेवर होतं. इथे कारखान्यात चाखायला दिलेला वाइनचा घोट आम्ही तोंडात घोळवून थुंकतो, गिळत नाही, हे मावशीला पुन्हा एकदा सांग.

तुला एक सांगायचं राहिलं. बाबा गेल्यापासून मला वास येत नाही. सर्दी नाही, ताप नाही. इथे कोणाला बोललो नाही. प्रत्येक वाइनला कसला वास येतो ते वहीत लिहायचं असतं; मी पेल्यातला रंग बघून जुन्या आठवणीने लिहीत होतो: पिकलेलं जांभूळ, लवंग, ओलं लाकूड. तीन आठवडे निभावलं.

काल आमच्या मुख्य बाईंनी मुद्दाम एक बिघडलेली वाइन मांडली. मी तिच्यापुढेही जांभूळ लिहिलं. बाई म्हणाल्या, "अहो, याचं व्हिनेगर झालंय! नाक घरी विसरलात का?" सगळे हसले. मीही हसलो.

सोमवारी परीक्षा आहे. तेव्हाही वास आला नाही, तर चाखणाऱ्यांच्या टेबलावरून उठवतील. तू काळजी करू नकोस, बाटल्या भरायचं काम तरी देतील.

तुझं पत्र पोचलं. दोन्ही वेळा जेवते, असं लिहिलंस. चव लागते का, ते लिहिलं नाहीस. खरं कळव.

तुझा,
धाकटा