टिटवीच्या घरट्यांचे झेंडे

३ एप्रिल

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

तुझं घड्याळांचं दुकान आणि तुझा गुडघा, दोन्ही चालू असतील असं धरून चालते. इथे अभयारण्यात माझा शनिवारचा निसर्गवर्ग जोरात आहे. सहा वर्षांच्या मुलीपासून ऐंशीच्या आजोबांपर्यंत सगळे एकाच सतरंजीवर बसतात. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. कुणाचा पाय पडू नये म्हणून गेल्या महिन्यात प्रत्येकाने कागदी झेंडा रंगवला, त्यावर आपलं नाव घातलं आणि एकेका घरट्याशी रोवला. कल्पना माझीच.

काल पाहिलं तर झेंडे लावलेली अकराही घरटी रिकामी. मुंगसाच्या पावलांची रांग या झेंड्यापासून त्या झेंड्यापर्यंत सरळ गेलेली. झेंडा लावायचा राहिला ती दोन घरटी तेवढी शाबूत. वर्गातला सगळ्यात हुशार विद्यार्थी मुंगूस निघाला. हसू नकोस, माझं मन थाऱ्यावर नाही.

वर्गाला पिल्लं मोठी होऊन गेली असं सांगा, उगाच अभयारण्याचं नाव खराब नको, असं इथल्या वनाधिकारी साहेबांचं म्हणणं. माझी नेमणूक याच महिन्यात नव्याने व्हायची आहे, हेही त्यांनी आठवणीने सांगितलं. काय करू, ते कळव.

लोभ आटू देऊ नकोस.
तुझी ताई

६ एप्रिल

ती. ताईस, सा. न. वि. वि.

झाकली मूठ सव्वा लाखाची. मुंगूस काही साक्ष द्यायला येणार नाही. लहानपणी बाबांचं गजराचं घड्याळ मी फोडलं, तेव्हाही तू खरं सांगून दोघांनाही मार खायला लावलास. या वयात तरी शहाणी हो. हे काम गेलं तर दिवसभर घरात कुणाला शिकवणार, भिंतींना? मला तुझी खरंच काळजी वाटते.

लोभ आहेच, राग नसावा.
तुझा धाकटा

११ एप्रिल

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

शनिवारी सगळं सांगून टाकलं. झेंडे तुम्ही रोवलेत, पण रोवायला मी लावलं, म्हणून चूक माझी, असंही म्हटलं. दोन मुलं रडली. साहेब मागे उभे होते. पुढच्या महिन्यापासून येऊ नका, असा कागद त्यांनी वर्ग सुटल्यावर हातात दिला. मला रडू आलं, पण आवरलं.

फाटकाशी ती सहा वर्षांची मुलगी थांबली होती. तिने माझं बोट धरलं आणि माझी समजूत घातली, की आपण होऊन खरं सांगितलं की तिच्या घरी कुणी रागवत नाही, तेव्हा साहेबही रागावणार नाहीत. मग पुढच्या महिन्यात काय शिकवणार, असं विचारलं. मी फुलपाखरं म्हणाले. एवढं सगळं खरं बोलून झालं होतं रे, तेवढं एक मात्र सांगवलं नाही.

लोभ आहे तसाच ठेव.
तुझी ताई