उर्सुला कापू नये

मी, वाइके टूमला, कै. ऊनो टूमला यांची पत्नी, वय एकोणऐंशी, धंदा शिडे शिवणे, राहणार कास्किरान्ना, एस्टोनियाचा उत्तर किनारा, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरात बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पोटातल्या गाठीने शरीर पोखरले आहे, डोके शाबूत आहे. डॉक्टरीणबाईंनी तसा दाखला दिला आहे आणि माझा दीर काल्यू याला तो मुळीच आवडलेला नाही. मला कोणी धाक घातलेला नाही, भूलथाप दिलेली नाही.

समोर सिर्का लेह्तो बसली आहे. ती पलीकडच्या काठची, फिनलंडमधल्या हाविसारी बेटावरची. या मृत्युपत्रातून तिला मिळणार असल्याने कायद्याने ती साक्षीदार होऊ शकत नाही, म्हणून नुसती टोमणे मारते आहे.

"शुद्धीत आहे, शुद्धीत आहे, असं किती वेळा लिहिशील?" ती म्हणते. "वाचणाऱ्याला उगाच संशय यायचा."

पहिले. राहते घर, मागची सौना म्हणजे वाफेचे न्हाणीघर, बटाट्याचे शेत आणि बँकेत जे काही निघेल ते माझी नात लीस हिला. सौना पाडून तिथे गाडी उभी करणाऱ्या शहरी माणसाला घर विकू नये. माझ्या मयतीनंतर कॉफी, काळा पाव आणि खारवलेले हेरिंग मासे पोटभर वाढावेत. गावात मागे एका मयतीला पाव कमी पडला होता, त्याची चर्चा अजून चालू आहे.

दुसरे. माझ्या सुया, मेण आणि तळहातावर चढवायची चामडी पट्टी ही आमच्या उर्सुला गलबताचे यापुढचे शीड जो कोणी शिवेल त्याची. कोणी शिवणार नसेल तर ती माझ्याबरोबर शवपेटीत घालावीत. संग्रहालयाच्या काचेत ठेवल्यास माझा तळतळाट लागेल.

तिसरे. काल्यूला काही नाही. ऊनोचा चांगला कोट त्याने मयतीच्या दिवशीच नेला, तो त्यालाच राहू दे. त्याने मला या टेबलाशी बसून सांगितले, "वहिनी, उर्सुलाच्या कागदावर सही करून टाका. संग्रहालयात पाटीवर आपल्या घराण्याचं नाव येईल." त्याच्या पुतण्याला, माझ्या तार्मोला, जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. मी त्याला माफ केलेले नाही आणि मेल्यावर करीन असेही वाटत नाही.

चौथे, आणि ज्यासाठी हे सगळे लिहायला बसले ते. उर्सुला हे दोन डोलकाठ्यांचे लाकडी गलबत. त्याचा पुढचा अर्धा भाग माझा आहे आणि मागचा सिर्काचा.

हे कसे, ते लीसच्या वकिलासाठी लिहिते. आमच्या किनाऱ्यावर प्रत्येक घराचे पलीकडे एक मैत्रघर असे. त्यांनी हेरिंग आणायचे, आम्ही बटाटे आणि राय हे धान्य द्यायचे. तराजू नाही, नाणे नाही. माझ्या आजोबांनी आणि सिर्काच्या आजोबांनी मिळून उर्सुला बांधली. लाकूड आमचे, लोखंड आणि दोर त्यांचे. पुढचा अर्धा आमचा ठरला, मागचा त्यांचा. मात्र दर वसंतात डांबर लावायचे ते एकमेकांच्या अर्ध्याला. आम्ही त्यांचा भाग सारवायचा, त्यांनी आमचा. आजोबा म्हणत, स्वतःच्या वस्तूत माणूस चालढकल करतो, मित्राच्या वस्तूत त्याला लाज वाटते. मधल्या रेषेपाशी दोन्हीकडचे ब्रश एकमेकांवर जायचे. तिथे डांबर नेहमी दुप्पट जाड बसायचे.

मग सोव्हिएत शिपाई आले. कोणी समुद्र ओलांडून पळू नये म्हणून त्यांनी गावातल्या होड्या किनाऱ्यावर ओढून करवतीने कापल्या. मी आईच्या कडेवर बसून ते पाहिले आहे. उर्सुला तेव्हा हाविसारीला होती म्हणून वाचली. नंतर आमचा किनारा इतका बंद झाला की पत्रही जाईना, पण सिर्काचे घर दर वसंतात आमचा अर्धा सारवत राहिले, आणि त्यांचा स्वतःचा भाग आमच्या वतीने शेजाऱ्यांकडून सारवून घेत राहिले. सिर्काची आणि माझी पहिली भेट झाली ती दोघींची पन्नाशी आल्यावर. उर्सुला घेऊन ती आमच्या धक्क्याला लागली आणि म्हणाली, "घे बाई तुझा अर्धा. जरा उशीर झाला."

त्यानंतर माझा मुलगा तार्मो उर्सुलाचा तांडेल झाला. दर ऑक्टोबरला तो हेलसिंकीच्या हेरिंगबाजाराला जाई. उर्सुलावर त्याचा इतका जीव, की बायको सोडून गेली तेव्हाही तो फळ्याच घासत होता.

मग समिती आली. दोन्ही देशांची, साहेबांची. उर्सुला हा सामायिक सागरी वारसा आहे म्हणाले. आम्हा दोघींना फुले दिली, आम्ही हुरळलो. दुरुस्तीला मात्र बारभाई कारभार झाला. पुढचा अर्धा एस्टोनियाच्या सुतारांनी करायचा, मागचा फिनलंडच्या, कारण प्रत्येकाचा पैसा आपल्याच अर्ध्यावर खर्च व्हायला हवा. मधोमध खडूने रेषा मारली. आमचे रेषेपर्यंत आले आणि थांबले. त्यांचेही रेषेपर्यंत आले आणि थांबले. रेषेवरच्या फटीत पाणी अडवणारा ताग ठोकायचे काम दोघांनीही दुसऱ्याचे समजले. वरून रंग दिला. रंग फार सुंदर होता.

त्या ऑक्टोबरला, बाजाराला जाताना, भर आखातात ती फट उघडली. दोघे खलाशी तराफ्यावर उतरले ते तार्मोने ढकलले म्हणून. त्यांनी मला सांगितले की तो पंप चालवायला खाली गेला आणि खालून ओरडला, "जा रे, मी आलोच." ते दोघे वाचले, आणि मला त्यांचा राग येतो, आणि राग येतो याची लाजही वाटते. उर्सुला वाहत जाऊन उथळ पाण्यात बसली होती, ती वर काढली. तार्मो तिच्यात नव्हता. तो अजून मिळालेला नाही.

आता उर्सुला आमच्या किनाऱ्यावर ताडपत्रीखाली सुकते आहे. लाकडी गलबत कोरडे पडले की फळ्या आकसतात आणि ते मरते. समितीची नवी योजना अशी की रेषेवर करवत चालवून पुढचा भाग आमच्या संग्रहालयाला द्यावा आणि मागचा त्यांच्या. तो तरुण साहेब इथे कॉफी पिऊन म्हणाला, "आजी, दोन्ही देशांना न्याय मिळेल. वारसा वाटला की वाढतो."

मी म्हटले, "तुम्ही भावंडं किती?"

"दोघं."

"मग आईला कुठून कापलंत?"

तो कॉफी अर्धी टाकून गेला. आमच्या दोघींच्या सह्यांशिवाय करवत लागणार नाही, हे त्याला ठाऊक आहे. पण माझे दिवस भरत आले आहेत, हेही त्याला ठाऊक आहे. पुढचा अर्धा लीसच्या नावावर गेला, की सरकार आणि काल्यू मिळून त्या एकट्या पोरीला गाठतील.

म्हणून पुढचा अर्धा मी सिर्का लेह्तो हिला देते. सिर्काने काल तिच्या गावी मृत्युपत्र करून मागचा अर्धा लीसला दिला आहे. यापुढे एस्टोनियाच्या वाट्याचा भाग फिनलंडच्या बाईचा आणि फिनलंडचा भाग एस्टोनियाच्या मुलीचा. "आपला" म्हणून कोणालाही करवत उचलता येणार नाही. आधी मित्राला विचारावे लागेल.

उर्सुलाला येत्या उन्हाळ्यात पाण्यात घालावे. तार्मोला नेले म्हणून तिचा राग धरू नये. मी धरून पाहिला, टिकला नाही.

याच्या खाली मी आणखी एक कलम लिहिले होते, की इतके करूनही कायद्याने करवत आलीच, तर सेंट जॉनच्या सणाच्या होळीत, गावची म्हातारी गलबते जातात तशी, उर्सुला अख्खी जाळावी. सिर्काने ते वाचून चष्मा काढला.

"जाळू," ती म्हणाली. "पण माझ्या अर्ध्याला काडी तुझ्या घरच्यांनी लावायची. तुझ्या अर्ध्याला मी."

"लावशील?"

"नाही लावणार. म्हणून तर म्हणते, ते कलम खोड."

मी खोडले. तिथे माझी सही आहे.

शेवटचे. समुद्राने तार्मोला परत दिले, तर तो ज्या काठाला लागेल त्याच काठच्या मातीत त्याला ठेवावे. आमच्याकडे लागला तर लीसने, पलीकडे लागला तर सिर्काने. सीमेवरून कोणी घासाघीस करू नये. समितीला बोलावू नये, फुले घेऊ नयेत. दगडावर "तार्मो, वाइकेचा मुलगा" एवढेच कोरावे. वारसा हा शब्द त्याच्या आसपास कुठेही दिसता कामा नये.

वर लिहिले ते मी वाचून पाहिले, सिर्काला वाचून दाखवले, आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत खाली सही केली.

वाइके टूमला

साक्षीदार:
१. डॉ. मारियाने ओत्सा, गावचा दवाखाना
२. हेयनो प्याएर्न, शेजारी, निवृत्त दीपगृहरक्षक

मुक्काम कास्किरान्ना, दिनांक ७ मार्च २०१९