सुपारीच्या बैठकीत दिसलेली तक्रार

आई, तू गेल्यावर मी शिरवळच्या एका पशुखाद्य कंपनीत लागले. कॉम्प्युटरवर गिऱ्हाइकांच्या तक्रारींचे रिपोर्ट करते आणि त्यातलं कुणाला काय दिसावं तेही ठरवते. साताऱ्याच्या मॅनेजरला साताऱ्याच्या तक्रारी दिसायच्या, सांगलीच्या मॅनेजरला सांगलीच्या. रहिमतपूरच्या आपल्या स्वयंपाकघरात हेच काम तू करायचीस. आत्याच्या पुरणपोळीबद्दल तू मामीजवळ जे बोललीस ते मी थेट आत्याला जाऊन सांगितलं, तेव्हा लाटणं हातात धरून तू उभी होतीस, पिठाचे हात, लाल चेहरा. "कुणाम्होरं काय बोलावं, ह्ये कवा कळायचं गं तुला?"

तर गेल्या महिन्यात माझे हे दोन मॅनेजर व्याही व्हायला निघाले. साताऱ्याच्यांची मुलगी, सांगलीच्यांचा मुलगा. सुपारी फोडायला सगळे दोघांना मधे पडणाऱ्या मलकापूरला जमले. दोघांनीही बोलावलं म्हणून मीही गेले. मानपानावरून शब्दाला शब्द वाढला. सांगलीचे मॅनेजर म्हणाले, "आमी कामाला वाघ मानसं, आमाला शिकवू नका." तशी साताऱ्याच्यांनी मोबाईल काढला आणि आमचा रिपोर्ट सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. "सांगली डेपो. दुपारी गेलं की सायेब मीटिंगमध्ये हायत म्हणत्यात, आन आतनं घोरल्याचा आवाज येतो."

मुलीनं डोक्याला हात लावला. सांगलीचे उठले. "आमच्या डेपोचं तुमाला दिसलंच कसं?" मग सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. "मॅडम, तुमी दावलं व्हय?" मुलाचे चुलते चपला शोधायला लागले होते.

तिथंच सतरंजीवर मी लॅपटॉप उघडला. माझ्या लॉगिनला सगळंच दिसतं, त्यामुळं माझ्याकडून बघून काही कळेना. मग दुसऱ्याच्या नावानं रिपोर्ट बघायची सोय असते ती वापरली, तर साताऱ्याच्यांना खरंच दोन्ही जिल्हे दिसत होते. त्यांना फक्त सातारा दाखवायचा नियम मात्र चोख होता. मी वर-खाली बघतेय, घाम पुसतेय. शेवटी विचारलं, "साहेब, सांगलीचा चार्ज कधी होता का तुमच्याकडं?"

त्यांनी मोबाईल खिशात घातला. बोलल्या त्या मुलाच्या आई. "होता की! ह्यांच्या गुडघ्याचं आप्रेशन झालं तवा. हे सायेब साताऱ्यास्नं येऊन डेपो बघायचे, आन रोज दवाखान्यात डबाबी आणायचे. तितंच तर सोयरीक निघाली."

तेव्हा दिलेली परवानगी कुणी काढलीच नव्हती. आमच्याकडं दोन परवानग्या एकमेकींना अडवत नाहीत, त्यांची बेरीज होते. मी सांगलीची काढून टाकली. साताऱ्याच्यांनी पुन्हा मोबाईल बघितला आणि खालच्या मानेनं म्हणाले, "सांगली दिसायची बंद झाली."

सांगलीचे लंगडत त्यांच्याशेजारी जाऊन बसले. "पोरगी देताय न्हवं? मग सांगली बघायला घरी येत जावा की." चुलत्यांनी चपला पुन्हा दाराशी काढल्या, आणि सुपारी फुटली.

तुझ्या नावाचं हे पत्र आता घालायचं तरी कुठं, म्हणून ते माझ्याजवळच राहील. सुपारीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या ऑफिसातल्या साहेबांनी विचारलं, "तुम्हाला सगळ्यांच्या तक्रारी दिसायची गरज आहे का?" मी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "तपासणीला लागतं." पण आई, घोरण्याची तक्रार मी आधीच दोनदा वाचली होती, आणि पदर तोंडात कोंबून हसले होते.