पलीकडच्या पेढीनाम्यात मी नाही

८ जानेवारी
शाळेत शिकवून घरी आले तर भाई ओट्यावर बसलेला. हातात हक्कसोडपत्राचा मसुदा. आप्पा गेल्यावर गावच्या केळीच्या शेतावर आई, भाई आणि मी, अशी तिघांची वारस नोंद लागली. आता माझं नाव काढायचंय. "तुला रजिस्ट्रार हाफिसात यावं लागंल. फोटो, अंगठा, साक्षीदार. इकडे लई कटकट." मग चहा पिता पिता म्हणाला, "तिकडे गुजरातमध्ये बरं. एका पेढीनाम्यात मोकळं झालं."
म्हणजे हद्दीपलीकडच्या कपाशीच्या शेताचं झालंसुद्धा. माझ्या सहीशिवाय? विचारलं, तर मोबाईल पाहत बसला.

११ जाने.
रजा टाकून गेले. हद्दीपर्यंत एस.टी., पुढे रिक्षा. पेढीनामा म्हणजे तिकडची वारसांची यादी. अर्जदार सांगतो, पंच सह्या करतात. नक्कल मिळाली. गुजराती वाचता येतं, आप्पांनीच शिकवलेलं. मयताची पत्नी एक. मुलगा एक. बस.
पंचांत पहिली सही मामांची. माझ्या लग्नात मामेरं, भाचीचा मानाचा आहेर, घेऊन आलेले मामा.
कारकुनाला म्हटलं, मी त्यांची मुलगी. "बेन, सांगितलं तेवढं आम्ही लिहितो. वांधा अरजी आपो." हरकत घ्या म्हणे. वाईट नाही बोलला.
परतताना बसमध्ये नक्कल पुन्हा वाचली.

१२ जाने.
मामांना फोन. "भाई म्हणाला, तुझी संमती आहे."
संमतीचं सोडा, मुलगीच नाही असं लिहिलंय. वाचलं नव्हतं?
"वाचलं गं. पण घरातल्या घरात एवढं काय..."
ठेवून दिला. शी.

१९ जाने.
हरकत दिली. आता मी मुलगी असल्याचा पुरावा हवा. शाळेचा दाखला मराठीत, त्याचं गुजराती भाषांतर, वर नोटरी. आधारवर नवऱ्याचं नाव. भाईला मला पुसायला दोन पंच पुरले. नाहीतर आईचा जबाब आणा, कचेरीतले म्हणाले.

२५ जाने.
गावी. आई तुरीच्या शेंगा सोलत होती. तुला माहीत होतं? मान वर केली नाही. "तुले काय कमी शे, बाई? तू नोकरीले, नवरा नोकरीले."
जमिनीचं नाही गं, म्हटलं. कागदावर मी जन्मलेच नाही. आई सोलतच राहिली.
भाई आतून म्हणाला, "आधी इकडची सही करून टाक, मग तिकडचं बघू."
त्याच्याकडे बघवेना. आप्पांचा चेहरा नेमका त्यालाच मिळालाय, म्हणून जास्तच किळस आली. न जेवता निघाले.

४ फेब्रु.
आज इकडच्या सहीची तारीख होती. गेले नाही. वर्गात असताना भाईचे सात फोन. उचलले नाहीत.
दुपारी सुनावणीचं पत्र आलं. सतरा तारीख. मीच आईला फोन लावला. म्हटलं, भांडू नकोस, भाईला काही बोलू नकोस. मी गाडी करते. तिथे फक्त एवढं सांग, ही माझी लेक.
मागे टीव्ही चालू.
"भाईले इचारीसन सांगसू," म्हणाली.